लूप लयीत बसवताना

सॉनिक पाय शिकू लागलेल्या वाचकांच्या शंका वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण फिरून फिरून एकाच जागी पोहोचतात. तबल्याचा ठेका रेकॉर्ड केला, कोडमधून एकदा वाजवला तर छान वाजला, लूपमध्ये टाकल्यावर मात्र दर आवर्तनाला अडखळतो. भजनाचा तुकडा फिरवायला गेलो तर आवाज एकावर एक चढून कल्लोळ होतो. तासाभराच्या मुद्रणातला चार सेकंदांचाच भाग हवा आहे, तो कसा सांगायचा? आजीच्या ओव्या कोडच्या लयीत बसवल्या, तर आवाज चिरका झाला. त्यात कोणी असंही विचारतं, की हे जाहीर कार्यक्रमात वाजवलं तर चालेल का?

या शंकांची उत्तरं इथे क्रमाने देतो. लाइव्ह कोडिंग म्हणजे प्रेक्षकांसमोर कोड लिहीत, बदलत संगीत उभं करणं. त्यासाठी अनेक वातावरणं आहेत. नवशिक्यांसाठी आणि मुद्रित आवाजावर काम करण्यासाठी मला सॉनिक पाय सर्वांत सोयीचं वाटतं, म्हणून मुख्य भर त्यावर ठेवला आहे. सॅम ॲरन यांनी २०१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मुलांना प्रोग्रामिंग शिकवता यावं म्हणून ते तयार केलं. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक व रास्पबेरी पाय या तिन्हींवर चालतं.

एक सूचना आधीच. लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आणि इथे जोडरेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर द्यायचा. टंकताना सॉनिक पाय स्वतःच नावं सुचवतं, त्यामुळे स्पेलिंगची चिंता करू नका.

आधी ठरवा : लय कोणाची?

कोडला हात लावण्यापूर्वी एकच निर्णय घ्या. लय कोड ठरवणार की मुद्रण? बहुतेक अडचणी हा निर्णय न घेतल्यामुळे येतात. कोड एका गतीने चालतो, मुद्रण दुसऱ्या गतीने, आणि आपण दोघांमध्ये ठिगळं लावत बसतो.

समजा तुम्ही आठ मात्रांचा केरवा रेकॉर्ड केला आणि त्याचं एक आवर्तन ४.१२ सेकंदांचं भरलं. कोड मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने चालला आहे, म्हणजे त्याच्या आठ मात्रा बरोबर ४ सेकंदांत होतात. फरक जेमतेम ०.१२ सेकंदांचा आहे, पण दहा आवर्तनांत तो सव्वा सेकंदाच्या आसपास जातो आणि सम कुठे गेली ते कळेनासं होतं. इथे दोन मार्ग आहेत.

- कोडची लय प्रमाण धरा. सॅम्पलला बीट-स्ट्रेच हा पर्याय ८ या आकड्यासह द्या. सॉनिक पाय मुद्रण थोडं वेगाने वाजवून आठ मात्रांत बसवेल. वेग वाढला की स्वरही चढतो. या उदाहरणात तो हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्म्याने चढेल.
- मुद्रणाची लय प्रमाण धरा. कोडच्या सुरुवातीला यूज-सॅम्पल-बीपीएम ही आज्ञा तुमच्या फाइलीचं नाव आणि नम-बीट्स ८ असं सांगून लिहा. कोडची गती आपोआप मिनिटाला सुमारे ११६.५ मात्रा होईल. मुद्रणाला कुठेही धक्का लागणार नाही.

निवड कशी करायची? खंजिरी, टाळ, टाळ्या, ढोल यांचा स्वर जरा इकडे तिकडे झाला तर बिघडत नाही, तिथे पहिला मार्ग सोपा. तबल्याचा दायाँ षड्जात मिळवलेला असतो. सोबत तानपुरा किंवा गाणं असेल तर निम्म्या पट्टीचा फरक कानाला सरळ बोचतो. गायलेला आवाज, ओवी, सनई यांच्या बाबतीत तर माझा आग्रहच आहे की मुद्रणाची लय प्रमाण धरावी आणि बाकीचं सगळं तिच्यामागे चालवावं. ओवी म्हणणाऱ्या बाईची लय तिच्या श्वासाची असते, ती यंत्राच्या चौकटीत कोंबण्यात काही मिळत नाही.

पिच-स्ट्रेच नावाचा तिसरा पर्यायही आहे. तो लांबी बदलतो आणि स्वर जागेवर ठेवायचा प्रयत्न करतो. थोड्या फरकासाठी तो चालतो. फरक मोठा असला की आवाजाचे बारीक तुकडे जाणवू लागतात, विशेषतः तबल्याच्या थापेची धार बोथट होते.

मुद्रण करतानाच लूपचा विचार करा

कोडमध्ये जी कसरत करावी लागते तिच्यातली निम्मी मुद्रणाच्या वेळीच टाळता येते.

१. वादकाच्या कानात ठोका द्या. सॉनिक पायमध्येच एका लूपमध्ये साधी टिकटिक लावा आणि हेडफोनवर ऐकवा. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि वादक तेवढाच मागे पडतो.

२. ठेका निदान चार आवर्तनं सलग वाजवून घ्या आणि मधलं एक निवडा. पहिलं आवर्तन कधीच घेऊ नका. त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. डग्ग्याची आस शेवटच्या मात्रेनंतरही रेंगाळते आणि पुढच्या 'धा'च्या खाली ऐकू येत राहते. पहिल्या आवर्तनाच्या समेखाली अशी मागची आस नसते. ते लूपमध्ये फिरवलं की दर समेला आस कचकन तुटते. मधल्या आवर्तनाच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची आस मुळातच मुद्रित झालेली असते, त्यामुळे शेवट सुरुवातीला येऊन मिळतो तेव्हा सांधा दिसत नाही.

३. फोनवर मुद्रण करत असाल तर गोंगाट आपोआप कमी करणारी सोय बंद ठेवा. ती आसेलाच गोंगाट समजून कापते.

४. फाइल वेव्ह स्वरूपात घ्या. सॉनिक पाय वेव्ह, एआयएफएफ, ऑग आणि फ्लॅक वाचतं, एमपी-थ्री वाचत नाही. एमपी-थ्रीचं नंतर वेव्ह केलं तरी एक दोष उरतो. एमपी-थ्री तयार होताना सुरुवातीला आणि शेवटी सूक्ष्म शांतता जोडली जाते आणि ती रूपांतरानंतरही तशीच राहते. एकदा ऐकायला ती कळत नाही, लूपमध्ये दर फेरीला उचकी लागल्यासारखी कळते. व्हॉट्सॲपवरून आलेला ध्वनिसंदेशही आधी वेव्ह करून घ्या आणि कडा तपासा.

तुकडा कापण्याची जागा

यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल उघडा, समेची थाप शोधा आणि लाटेचं चित्र इतकं मोठं करा की थापेआधीची जवळजवळ सपाट रेघ आणि तिच्यातून एकदम उसळणारी लाट वेगळी दिसेल. कापायचं ते उसळी सुरू होण्याच्या लगेच आधी. नवीन माणूस हटकून उसळीच्या शेंड्यावर कापतो, कारण तिथे थाप दिसते. पण शेंड्यावर कापलं की थापेची धार जाते आणि 'धा' ऐवजी मऊ 'आ' ऐकू येतो.

शेवटही तसाच शोधा. पुढच्या आवर्तनाच्या समेची उसळी जिथे सुरू होते, तिच्या लगेच आधी. निवड झाली की कीबोर्डवरचं झेड दाबा. निवडीच्या दोन्ही कडा लाट शून्यरेषा ओलांडते त्या जागी सरकतात. लाट शून्यावर नसताना कापलं तर जोडाच्या जागी 'टक्' असा आवाज येतो, तो यामुळे टळतो. मग निवडलेला भाग लूपवर ऑडॅसिटीतच वाजवून पाहा. इथे अडखळला तर कोडमध्येही अडखळणारच, तेव्हा पुढे जाऊ नका. डोळे मिटून मात्रा मोजत काही आवर्तनं ऐका. समेवर हात बिनचूक पडत असेल तर तुकडा वेगळी वेव्ह फाइल म्हणून ठेवा आणि मात्रा, गती, पट्टी फाइलीच्या नावातच लिहा.

सॉनिक पायमध्ये पहिला लूप

स्वतःची फाइल घेण्याआधी सोबत येणाऱ्या लूप-आमेन या नमुन्यावर हात बसवा. तो साधारण १.७५ सेकंदांचा आहे आणि सॉनिक पायची मूळ गती मिनिटाला ६० मात्रा, म्हणजे एक मात्रा एका सेकंदाची असते.

लाइव्ह-लूपला एक नाव द्या, आत सॅम्पल लूप-आमेन लिहा, खाली स्लीप २ लिहा आणि रन दाबा. दर फेरीला पाव सेकंदाची फट ऐकू येईल. आता स्लीप १.५ करा. पहिला नमुना संपण्याआधी दुसरा सुरू होईल आणि दोन्ही एकमेकांवर चढतील. वाचकांची 'अडखळतो' आणि 'कल्लोळ होतो' या दोन्ही तक्रारींची मुळं या एका प्रयोगात दिसतात. सॅम्पल ही आज्ञा आवाज सुरू करून देते आणि तो संपण्याची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जाते. वाट पाहण्याचं काम फक्त स्लीप करते. स्लीप लिहिलीच नाही तर सॉनिक पाय चूक दाखवून लूप थांबवतं.

यावर दोन खात्रीचे उपाय आहेत. एक म्हणजे स्लीपपुढे आकडा न लिहिता सॅम्पल-ड्युरेशन आणि त्याच नमुन्याचं नाव लिहायचं. सॅम्पलला जे पर्याय दिले असतील, म्हणजे रेट, स्टार्ट, फिनिश, ते सगळे सॅम्पल-ड्युरेशनलाही जसेच्या तसे द्या, नाहीतर हिशेब मूळ लांबीचा होईल. दुसरा उपाय म्हणजे बीट-स्ट्रेच आणि स्लीप यांना एकच आकडा देणं. ठेक्यासाठी मी दुसरा सुचवेन, कारण मग सगळा कोड मात्रांतच बोलतो.

स्वतःची फाइल वाजवायला नमुन्याच्या नावाऐवजी फाइलीचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. फाइल किंवा फोल्डर माउसने ओढून संपादकात सोडला तरी पत्ता आपोआप येतो. विंडोजवर पत्ता हाताने लिहीत असाल तर उलट्या तिरक्या रेघांऐवजी सरळ तिरक्या रेघा वापरा.

मोठ्या फाइलीतला एकच भाग

सॉनिक पायमध्ये भाग सांगायचा तो सेकंदांत नाही, प्रमाणात. फाइलीची सुरुवात ० आणि शेवट १. समजा ६० सेकंदांच्या मुद्रणातला १२.४ ते १६.४ सेकंदांमधला भाग हवा आहे. तर स्टार्ट १२.४ भागिले ६० आणि फिनिश १६.४ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.२०७ आणि ०.२७३. फिनिशचा आकडा स्टार्टपेक्षा लहान दिला तर तो भाग उलटा वाजतो. हा दोष नाही, मुद्दाम दिलेली सोय आहे.

इथे चार ठिकाणी हमखास पाय अडकतो.

- पूर्णांकांचा भागाकार. सॉनिक पाय रूबी या भाषेवर उभं आहे. तिच्यात १२ भागिले ६० लिहिलं तर उत्तर ० येतं, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. एका आकड्याला तरी दशांश द्या : १२.० भागिले ६०.
- सॅम्पल-ड्युरेशन मात्रांत मोजतं. गती ६० असेपर्यंत मात्रा आणि सेकंद सारखे असतात, म्हणून चूक लपून राहते. गती १२० केली की तीच ६० सेकंदांची फाइल १२० मात्रांची होते. सेकंदांना सॅम्पल-ड्युरेशनच्या या आकड्याने भागाल तर भाग भलतीकडून उचलला जाईल. फाइलीची सेकंदांतली लांबी ऑडॅसिटीत पाहून हातानेच लिहा.
- बीट-स्ट्रेच पूर्ण फाइलीला लागू होतं. स्टार्ट आणि फिनिशने निवडलेल्या भागाला नाही. तासाभराच्या फाइलीतला तुकडा निवडून बीट-स्ट्रेच ८ दिलं तर अख्खा तास आठ मात्रांत बसवायचा हिशेब होतो. ओव्यांचा आवाज चिरका होण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.
- स्मृती. फाइल पूर्ण उघडून संगणकाच्या मेमरीत घेतली जाते. स्टिरिओतलं तासाभराचं नेहमीच्या दर्जाचं मुद्रण तिथे सव्वा जीबीच्या घरात जागा घेतं. जुना लॅपटॉप तिथेच गुदमरतो.

म्हणून लांब मुद्रणातले भाग शोधण्यासाठी स्टार्ट आणि फिनिश वापरा, पण भाग ठरला की तो कापून वेगळी फाइल करा. कार्यक्रमात लांब फाइल नेऊ नका.

ठेक्याच्या मात्रा सुट्ट्या करणं

फिरवण्याच्या पुढची पायरी म्हणजे आवर्तन मात्रांत तोडून नव्याने रचणं, आणि माझ्या मते लाइव्ह कोडिंगची खरी मजा इथे सुरू होते. केरव्याचे बोल घ्या : धा गे ना ती, ना के धि ना. सॅम्पलला नम-स्लाइसेस ८ द्या आणि स्लाइस या पर्यायाला हव्या त्या तुकड्याचा क्रमांक. मोजणी शून्यापासून होते. म्हणजे समेचा 'धा' शून्य क्रमांकाचा आणि पाचव्या मात्रेवरची खाली चार क्रमांकाची. वर्षानुवर्षं एकपासून मात्रा मोजणाऱ्यांनी कागदावर बोलांखाली ० ते ७ लिहून समोर ठेवावं.

आता ० १ २ ३ हे दोनदा वाजवा. खाली नाहीशी होऊन ठेका भरीवरच फिरेल. ४ ५ ६ ७ दोनदा वाजवा, डग्गा विरळ होईल आणि गाण्याला जागा मिळेल. शेवटच्या दोन मात्रांच्या जागी ६ ६ ७ ७ अर्ध्या अर्ध्या मात्रेने वाजवलं तर समेआधी छोटी उठान तयार होते. अर्ध्या मात्रेसाठी फिनिश वगैरे मोडतोड करू नका. स्लीप ०.५ द्या आणि सस्टेन (आवाज टिकण्याचा वेळ) ०.४ व रिलीज (विरण्याचा वेळ) ०.१ देऊन मागची आस आवरा.

वादकाने लय थोडी झुलवत वाजवली असेल तर समान तुकडे थापेच्या मध्येच पडतात. अशा वेळी स्लाइसऐवजी ऑनसेट वापरा. तो प्रत्यक्ष थापा शोधून तिथून तुकडे करतो. पण बोटाच्या बारीक थापाही तो मोजतो, त्यामुळे आठ मात्रांचे अकरा-बारा तुकडे निघू शकतात. एकेक क्रमांक ऐकून यादी करावी लागते. ते काम घरी करा, मंचावर नाही.

क्रमांकाच्या जागी पिक लिहिलं तर तुकडे नशिबावर निवडले जातात, पण सॉनिक पायमधलं नशीब ठरलेलं असतं. तोच कोड पुन्हा पहिल्यापासून चालवला तर तोच क्रम येतो. वेगळा क्रम हवा असेल तर यूज-रँडम-सीडचा आकडा बदला. एखादा क्रम आवडला तर तो आकडा टिपून ठेवा, तोच ठेका पुन्हा मिळेल.

तानपुऱ्याचा अखंड लूप

तानपुऱ्याला सम नाही, त्यामुळे सांधा लपवायची रीत वेगळी. चार तारांचा एक फेरा किती सेकंदांत होतो ते मोजा. समजा पाच. गती ६० ठेवून २० सेकंदांनी, म्हणजे चार पूर्ण फेऱ्यांनी, लूप फिरवायचा. फाइल मात्र २२ सेकंदांची कापा. सॅम्पलला अटॅक २ आणि रिलीज २ द्या आणि स्लीप २० ठेवा. शेवटचे दोन सेकंद विरत असताना नव्या फेरीचे पहिले दोन सेकंद वर येतात. २० हा फेऱ्यांचा पूर्ण पट असल्यामुळे जुन्या आणि नव्या आवाजातली तार एकाच वेळी छेडली जाते. पट चुकला तर सांध्याच्या जागी दोन तारा मागेपुढे वाजतात.

पट्टी बदलायची असेल तर आरपिच वापरा, त्यात १ म्हणजे शेजारची पट्टी. काळी दोनचा तानपुरा काळी एकवर आणायला उणे २ द्या. लांबी बारा टक्क्यांनी वाढेल, तेव्हा स्लीपचा आकडाही त्याच प्रमाणात, २० चा सुमारे २२.४५ करा आणि अटॅक-रिलीजही थोडे वाढवा. आवाज थोडा जड होतो, पण दोन पट्ट्यांपर्यंत कानाला खटकत नाही.

अनेक लूप एकत्र

एक लूप यजमान ठरवा. त्याला 'आवर्तन' असं नाव रोमन लिपीत द्या आणि आत फक्त स्लीप ८ ठेवा. बाकीच्या प्रत्येक लाइव्ह-लूपच्या पहिल्या ओळीत, नावाच्या पुढे, सिंक हा पर्याय देऊन या यजमानाचं नाव लिहा. रन कधीही दाबा, नवा लूप समेची वाट पाहूनच आत येईल.

सिंक लूपच्या आतल्या ओळींत लिहू नका. तिथे तो दर फेरीला वाट पाहतो. तुमचा लूप आठ मात्रा झोपून जागा होतो त्याच क्षणी यजमानाची हाक होऊन गेलेली असते, मग तो पुढच्या हाकेसाठी थांबतो आणि एकाआड एक आवर्तन गप्प जातं. तसंच दोन लूपनी एकमेकांची वाट पाहिली तर दोघंही कायमचे थांबतात.

चालू कार्यक्रमात अडू शकणाऱ्या गोष्टी

- लूप थांबत नाही. कोड पुसून किंवा टिप्पणी करून रन दाबलं तरी आधीचा लूप चालूच राहतो. थांबवायला त्या लूपच्या आत पहिली ओळ म्हणून स्टॉप लिहा आणि रन दाबा.
- बदल लगेच ऐकू येत नाही. बदल पुढच्या फेरीपासून लागू होतो. चार आवर्तनांचा एकच लांब नमुना ठेवला तर चार आवर्तनं थांबावं लागतं. नमुने आखूड ठेवा.
- नवीन मुद्रण केलं, जुनंच वाजतं. एकदा वाचलेली फाइल मेमरीत राहते. त्याच नावाने नवी फाइल ठेवली असेल तर सॅम्पल-फ्री चालवा, किंवा नावच बदला.
- पहिल्या फेरीत लय हलते. फाइल पहिल्यांदा वाचायला वेळ लागतो. कोडच्या सुरुवातीलाच लोड-सॅम्पल्सने सगळ्या फाइली घेऊन ठेवा.
- माइकमधून थेट लूप. रेकॉर्ड या इफेक्टमध्ये बफर, म्हणजे ठरावीक मात्रांची मेमरीतली जागा, देऊन तेवढ्या मात्रांचं मुद्रण जागेवर करता येतं आणि तोच बफर सॅम्पल म्हणून फिरवता येतो. स्पीकर चालू असताना प्रयोग करू नका, शिट्टी बसेल. हेडफोनवर सराव करा आणि मंचावर माइक स्पीकरच्या मागे राहील असं पाहा.

ब्राउझरमध्येच करायचं असेल तर

सॉनिक पाय बसवता येत नसेल तर स्ट्रडल वापरा. ॲलेक्स मॅक्लीन यांच्या टायडलसायकल्सच्या कल्पनेवर २०२२ मध्ये उभं राहिलेलं हे वातावरण थेट ब्राउझरमध्ये चालतं. आवाजांच्या पॅनेलमधून तुमच्या संगणकावरचा फोल्डर आयात करता येतो. इथे मात्रांऐवजी चक्रं मोजतात. वेगळं काही सांगितलं नाही तर एक चक्र दोन सेकंदांचं असतं. चार सेकंदांचा केरवा लूप-ॲट २ देऊन दोन चक्रांत बसतो. बिगिन आणि एंड हे सॉनिक पायच्या स्टार्ट-फिनिशसारखेच प्रमाणात सांगायचे. मात्रा सुट्ट्या करायला स्लाइस, आणि प्रत्येक मात्रा आपल्या जागेत ताणून बसवायला स्प्लाइस. लांब नमुना दर चक्राला पुन्हा सुरू होऊन कल्लोळ होत असेल तर कट १ द्या, नवा आवाज सुरू होताच जुना बंद होईल.

हक्कांचं काय?

लूप-आमेनचं उदाहरण इथेच उपयोगी पडतं. तो ठोका विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या मुद्रणातला. ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले ते जेमतेम सात सेकंद पुढे असंख्य गाण्यांत फिरले, पण त्या वापरासाठी वादकाला रॉयल्टी मिळाली नाही. तुमच्या लूपमागचा वादकही असाच सुटू नये, यासाठी कायद्याचे काही मुद्दे माहीत असू द्या.

'तीन-चार सेकंद घेतले तर चालतं' असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. घरी, स्वतःच्या अभ्यासासाठी वापरणं वेगळं, जाहीर कार्यक्रमात किंवा इंटरनेटवर टाकणं वेगळं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं राहतो. १९६० साली प्रकाशित झालेली तबकडी १ जानेवारी २०२१ पासून खुली. पण तबकडीवरचे शब्द आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात. ते रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात. 'संगीत स्वयंवर'ची पदं लिहिणारे कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, त्यामुळे ती पदं आणि चाली आज खुल्या आहेत. त्यांचं अलीकडचं मुद्रण मात्र खुलं नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथला कायदा पाहावा. अमेरिकेत १९२३ ते १९४६ या काळात प्रथम प्रकाशित झालेल्या मुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. भारतात खुलं म्हणून तिथेही खुलं, असं धरून चालू नका.

फ्रीसाउंडसारख्या संग्रहातून आवाज घेत असाल तर प्रत्येक फाइलीचा परवाना वाचा. सीसी-झीरो म्हणजे मुक्त वापर. सीसी-बाय म्हणजे नाव देणं बंधनकारक. त्यात एनसी असेल तर पैसे मिळणाऱ्या कामात वापरता येत नाही, तिकिटाच्या कार्यक्रमातही तो धोका पत्करू नका.

शेवटी स्वतः केलेलं मुद्रण. यंत्र तुमचं असलं तरी कला वाजवणाऱ्याची, गाणाऱ्याची असते. कायद्याने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर नाव दिलं जाण्याचा व सादरीकरणाची विकृती रोखण्याचाही. मात्रा तोडून उलटसुलट करणं हा तर या कलेचा गाभाच, म्हणून परवानगी मागताना नुसतं 'रेकॉर्ड करू का?' असं विचारू नका. हा ठेका तोडला जाईल, वेग बदलेल, उलटाही वाजेल, हे सांगा आणि शक्य तर एक नमुना ऐकवा. कागदावर या चार गोष्टी येऊ द्या : मुद्रणाची तारीख, कुठे कुठे वापरणार, नाव कसं द्यायचं आणि पैसे मिळाले तर वाटा किती. ओव्या म्हणणाऱ्या आजीशी हे बोलणं घरच्या भाषेतच करा. तिने एखादी ओवी वगळायला सांगितली तर ती फाइलच पुसून टाका, म्हणजे चुकून नमुन्यांच्या फोल्डरमध्ये राहणार नाही.